चांदीची बाजू

आरसा निखळला त्या दुपारी मी डाळिंब्या सोलत बसले होते. मोड आलेल्या वालाची साल अशी काढायची की आतली डाळिंबी दुभंगता कामा नये. हे काम माझी बोटं अजून चष्म्याशिवाय करतात, म्हणून मी ते स्वयंपाकघरात न करता मुद्दाम ओटीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं बसून करते. म्हातारपणी मिरवायला माणसाजवळ दुसरं असतं काय?

सून कंपनीतून पहिली पाळी करून आली, हातपाय धुतले आणि जेवायच्या आधी कॅमेरा घेऊन बसली. परवा पेणला जायचं होतं, त्याची तयारी. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं. रोजचा तो ‘खट्टक’ आवाज आलाच नाही. नुसतं ‘खळ्’ झालं, डब्यात सुपारी हलावी तसं.

“आई, ह्याच्यात काळोख हाय.”

“टोपण काढलंस का?”

“काढलंय वो. आत कायतरी पडलंय.”

मी डाळिंब्यांचं ताट बाजूला सारलं. आमच्या घरात कॅमेऱ्याच्या आत काही पडलं की ते माझं खातं.

ही सून निडी गावची, वालाच्या आणि भाताच्या शेतातली. लग्न होऊन रोह्याशेजारच्या अष्टमी गावात आमच्या घरी आली तेव्हा फोटो काढायचं वेड बरोबर घेऊन आली, कॅमेरा मात्र नव्हता. रोह्यातल्या एका फोटोवाल्यानं दुकान बंद केलं, तेव्हा त्याचा जुना मोठा डिजिटल कॅमेरा हिनं पगारातून साठवून घेतला. पुढची काच बदलता येते तसला, धोंड्यासारखा जड. माझा मुलगा म्हणाला, “आता मोबाइल असतोय प्रत्येकाकडं. ही लोखंडी म्हैस कशाला आणलीस?” तिनं उत्तर दिलं नाही. तिची ती पद्धत आहे. उत्तर न देता ती आपल्याला हवं ते करते. मी सासू असूनही मला ते आवडतं.

पेणचं काम असं. माझं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. आता तो माझा भाचा चालवतो. त्याचे गणपती परदेशातही जातात आणि ते इथे सणाच्या कितीतरी आधी पेट्यांत बंद होतात, कारण बोटीला वेळ लागतो. त्या लोकांना आधी फोटो पाठवायचे असतात. गेल्या वर्षी भाच्यानं ते मोबाइलवर काढले. मोबाइल हल्ली बाईमाणसाच्या गालावर पावडर फासतो तशी त्यानं गणपतीच्या गालावरही फासली, सोनेरी मुकुट नारिंगी केला, आणि मूर्ती पोचल्यावर तिकडून तक्रार आली की फोटोतला गणपती हा नव्हे. तेव्हा भाचा मला म्हणाला होता, “आत्या, तुझ्या सुनेला विचार. एकदा बघू तिचं काम. जमलं तर वर्षभराचं सगळं तिलाच देईन.”

वर्षभराचं म्हणजे सुनेची रात्रपाळी सुटली असती. ती पॅकिंगला आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात ती आणि माझी नात एकमेकींना झोपलेल्याच बघतात. हे ती बोलून दाखवत नाही, पण भाच्याचा निरोप आल्यापासून तिनं घरातल्या पितळी समईचे इतके फोटो काढले होते की समईसुद्धा लाजली असेल. आणि परवा संध्याकाळी पेट्या भरणारे येणार होते. परवा चुकलं की ती खेप गेली आणि भाच्याचा विश्वासही गेला.

आता मी कॅमेरे कधीपासून उघडायला लागले ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी थापा मारते. हाच कॅमेरा घरी आला तेव्हा त्याच्या अंगावरचं काळं रबर उन्हाळ्यातल्या गुळासारखं चिकट झालं होतं. धरला की हात काळा. मी ते कापसाच्या बोळ्यानं, स्पिरिट लावून, पुसून काढलं. मग बॅटरीच्या झाकणाचा खटका तुटला, तो मी नातीच्या डोक्यातल्या क्लिपचा तुकडा घासून बसवला. मग खाडीच्या हवेनं एक बटण आत जाऊन बसलं ते बाहेर येईना, तेव्हा पहिल्यांदा स्क्रू काढले. हिंदीतले व्हिडिओ बघायचे, थांबवायचे, पुन्हा बघायचे. स्क्रू ठेवायला इडलीपात्राची ताटली घेते. एकेका खळग्यात एकेका जागेचे स्क्रू, म्हणजे मिसळत नाहीत. त्या दिवसापासून घरात इडली बंद आहे, अशी माझ्या मुलाची तक्रार आहे. हळूहळू कोलाडचा, नागोठण्याचा, कुठला कुठला माणूस आपला म्हातारा कॅमेरा घेऊन यायला लागला. विजेच्या भागाला मी हात लावत नाही. अडकलेलं, निखळलेलं, चिकटलेलं, एवढंच माझं राज्य.

तर कॅमेऱ्याची पुढची काच फिरवून काढली. आत बघितलं आणि लगेच कळलं. कॅमेऱ्याच्या आत तिरका बसवलेला एक छोटा आरसा असतो. समोरचं दृश्य त्याच्यावर पडतं आणि तिथून वर, आपण डोळा लावतो त्या खिडकीकडे जातं. बटण दाबलं की आरसा क्षणभर वर उचलला जातो, फोटो निघतो, आरसा पुन्हा खाली. तो आरसा एका पातळ धातूच्या पट्टीवर चिकटवलेला असतो. गोंद इतक्या वर्षांत वाळून कुरकुरीत झाला होता आणि आरसा सुटून तळाशी पडला होता. पट्टी बिचारी एकटीच वरखाली करत होती.

“नुसता चिकटवायचा आहे,” मी म्हटलं.

“नक्की ना?” सुनेनं विचारलं.

“अगो, खडे चिकटवण्यात माझा जन्म गेला.”

हे वाक्य मी बोलले नाही. हे ती बोलली.

ती म्हणजे माझ्या आत अजून ठाण मांडून बसलेली, पेणच्या कारखान्यातली एकोणीस वर्षांची, दोन वेण्यांची पोरगी. तिची आणि माझी ओळख जुनी आहे, पण फारसं पटत नाही. तिला गणपतीच्या मुकुटावर खडे चिकटवायचं काम दिलेलं होतं. पुढे डोळ्यांची आखणीही करायला मिळाली, मग तर विचारूच नका. तिला वाटायचं, आपण डोळे काढले नाहीत तर देवाला दिसायचंच नाही. कारखान्यात खाडीकाठच्या मिठागरांवरच्या बायका हंगामात कामाला यायच्या. त्यांना ही पोरगी कमरेवर हात ठेवून शिकवायची. “चांदी मागं, गोंद मागं, चमक पुढं!” खड्याच्या पाठीला चांदीचा मुलामा असतो, गोंद त्या बाजूला लावायचा, एवढी साधी गोष्ट. पण ती अशी सांगायची की जणू खड्यांचा शोध हिनेच लावला. एका बाईनं एकदा चारपाच खडे उलटे लावले, तेव्हा ही इतकी हसली की तिच्या हातातलं गोंदाचं भांडं सांडलं, आणि ते स्वतःच्याच परकरावर. बाई शांतपणे म्हणाली, “बाय, आता तू खडे लावून घे अंगाला. चिकटतील.” सगळा कारखाना हसला. पोरगी मात्र दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

तर मी पाट मांडला, त्यावर पांढरं धुवट कापड घातलं, हात धुऊन कोरडे केले. आरसा चिमट्यानं कडेला धरून बाहेर काढला. त्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, पदरानं पुसायचं तर नाहीच नाही, एवढं मला ठाऊक होतं. पट्टीवरचा जुना गोंद लाकडी काडीनं खरवडला. झटपट चिकटणारा गोंद मी घेतला नाही. त्याच्या वाफेनं काच दुधट होते, हे खड्यांच्या कामात शिकले होते. सावकाश सुकणारा, रबरासारखा होणारा गोंद घेतला. दातकोरण्याच्या टोकानं चार कोपऱ्यांत चार ठिपके. आरसा उचलला, बघितला, एक बाजू झगझगीत दिसली, दुसरी थोडी खोल. हात क्षणभर थांबला. मग त्या पोरीनं मागून येऊन माझं मनगट धरलं, आरसा पालथा केला, आणि चांदीची बाजू गोंदावर दाबली.

माझी नात बाजूला बसून बघत होती. “आजी, तुझ्या चष्म्याच्या काडीला टेप लावलाय, आणि तू कॅमेरा जोडतेयस?”

“टेप मीच लावलाय ना? निघाला का अजून?”

मुलगा घरी आला. पाट, कापड, इडलीपात्र बघून त्यानं ओळखलं. “झालं? म्हैस आजारी पडली?”

“बरी होईल उद्यापर्यंत,” मी म्हटलं.

“आई, तुझ्या भाच्याला फोन करून सांग ना, मोबाइलवर काढ म्हणून. हिला उगाच त्रास.”

सून भाकऱ्या थापत होती. तिनं पुढची भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

सकाळी गोंद सुकला होता. सुनेनं कॅमेरा डोळ्याला लावला, दाबला. ‘खट्टक’! मी तर नातीला टाळीसुद्धा दिली. पण सुनेनं कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. बघतच राहिली. मग नातीकडे रोखला.

“आई, हिला दोन नाकं दिसतायत.”

“काय?”

“एक नाक आन त्याच्या बाजूला फिकट दुसरं. सगळ्याला अशीच सावली. नि स्पष्टबी होत नाय.”

मी बघितलं. दारातल्या जास्वंदीच्या प्रत्येक फांदीला एक भुताटकी फांदी चिकटलेली. मी चष्मा पुसला, डोळे पुसले. भुतं हलली नाहीत.

मी पाटावर बसले आणि घरातला हातआरसा आणला. सुईचं टोक त्याला टेकवलं. सुई आणि तिची आरशातली सावली यांच्या मधे फट राहिली, कारण चांदी काचेच्या मागे. मग चाळा म्हणून कोलाडच्या एका माणसाचा मेलेला कॅमेरा पेटीत पडला होता, त्यातल्या आरशाच्या अगदी कडेला सुईचं टोक नेलं. सुई आणि सावली टोकाला टोक भिडली. फट नाहीच. म्हणजे कॅमेऱ्याच्या आरशाला चांदी पुढच्या अंगाला असते! म्हणून तर त्याला बोट लावायचं नसतं. हे मला माहीत होतं आणि तरी कळलेलं नव्हतं. मी आरसा उलटा चिकटवला होता. एक प्रतिमा काचेच्या तोंडावरून, दुसरी मागच्या चांदीवरून, म्हणून दोन नाकं.

मिठागरावरची ती बाई जिथे असेल तिथे तिला उचकी लागली असणार.

कोलाडवाल्याचा आरसा लावावा म्हटलं, तर तो मापानं लहान. नवा मागवायचा तर वेळ नव्हता. सुनेला मी सगळं सांगितलं. माझ्या त्या वेण्यांवाल्या पोरीसकट सांगितलं, जरा हसवावं म्हणून. ती हसली नाही.

“आई, आता कायबी करू नका,” ती म्हणाली. एवढंच. मग डबा घेऊन कामावर गेली.

मला बोलली असती तर बरं वाटलं असतं. सासूला बोललेलं सासूला पचवता येतं, ते आमचं शिक्षण असतं. न बोललेलं घशात अडकतं. मी डाळिंब्यांची उसळ केली, त्यात मीठ घालायला विसरले, आणि पुन्हा पाटावर येऊन बसले. कायबी करू नका, हे मला आयुष्यात ज्यानं ज्यानं सांगितलं त्यांना मी काय केलं ते माहीत आहे.

शाडूची मूर्ती ओली असताना फळीला धरून बसते. ओढली तर तुटते. पेणला आम्ही तिच्या खालून ताणलेला दोरा फिरवून तिला मोकळी करायचो. माझ्याकडे मासेमारीची बारीक नायलॉनची तंगूस होती. कॅमेऱ्याच्या तोंडात दोन्ही हातांची दोन बोटं कशीबशी मावली. तंगूस आरसा आणि पट्टी यांच्या मधे सरकवली, आणि डावी-उजवी, डावी-उजवी, श्वास दाबून ओढत गेले. रबरी गोंद कापला जात होता. चौथा कोपरा सुटला तेव्हा आरसा माझ्या चिमट्यात अलगद आला, आणि मी त्याला उलटवून बघितलं.

चांदीवर चार कोपऱ्यांत चार गोंदाचे ठिपके. मी ते बोटाच्या टोकानं हळूच रोल करून काढले. गोंद निघाला. त्याच्याबरोबर चांदीही निघाली. चार कोपऱ्यांत मसुराच्या डाळीएवढी चार आरपार भोकं. आरशाला देवी झाल्यासारखी.

मग आरसा सरळ बाजूनं चिकटवला, कॅमेरा पेटीवर उताणा ठेवला आणि त्याच्याभोवती फडकं टाकलं, जसं आजारी माणसाच्या खोलीचं दार ओढून घेतात.

सून पाळी संपवून आली. फडकं बघून समजली. काही न विचारता चहा केला, मला दिला, आणि गोंद सुकायची वाट बघत समोर बसली. दिवे लागायच्या सुमाराला तिनं कॅमेरा उचलला.

“नाक एकच हाय,” ती म्हणाली. मग, “कोपऱ्यांत धुरकट ठिपके दिसतायत चार.”

“ते माझे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता. पण तिनं कॅमेरा देवघराकडे वळवला, बटण दाबलं आणि मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघायला लागली. एक कोपरा, दुसरा, तिसरा. समईचा, हळदीकुंकवाच्या करंड्याचा.

“आई, फोटोत नाय! एकबी ठिपका नाय!”

आणि तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. मीच नाही का वर तुम्हाला सांगितलं? फोटो निघताना आरसा वाटेतून उचलला जातो. तो फक्त आपल्याला दाखवण्यापुरता. त्याच्या अंगावरचे डाग आपल्या डोळ्याला, फोटोला नाहीत. दिवसभर मी चार भोकांसाठी सुतक पाळलं होतं आणि ती भोकं फोटोच्या गावची नव्हतीच.

“माहीत होतं मला,” मी म्हटलं.

“नव्हतं वो,” सून म्हणाली, आणि आता हसली. “तोंड बघितलंय मी तुमचं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं पेणला गेलो. तिनं सुट्टी टाकली होती. पिशवीत कॅमेरा, माझ्या पर्समध्ये तंगूस, गोंद आणि चिमटा. सगळी वाट मला वाटत होतं, प्रत्येक खड्ड्याला आरसा सुटतोय.

कारखान्यात रंगाचा तोच वास. फळ्यांवर पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या मूर्ती, आणि एका बाजूला परदेशी जाणाऱ्या, तयार. भाच्यानं सुनेच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, त्याचं रबर गेलेलं अंग, क्लिपच्या तुकड्यानं बंद केलेलं झाकण.

“आत्या, हा चालतो ना?”

“तुझ्यापेक्षा बरा.”

त्यानं मोबाइल खिशातून काढून हातात ठेवला, वेळप्रसंगी असावा म्हणून. सुनेनं ते बघितलं. तिनं खिडकीचा उजेड येईल तिथे पाट मागितला, मागे पांढरं कापड लावलं, मोठ्या दिव्याचं तोंड भिंतीकडे वळवलं. पहिली मूर्ती पाटावर आली. खट्टक. खट्टक. माझी बोटं पर्सच्या बंदावर घट्ट. दर वेळी आवाज नीट आला की मी पुढच्या आवाजाची वाट बघे.

काही वेळानं भाचा तिच्यामागे जाऊन उभा राहिला. मागच्या पडद्यावर मुकुटाचं सोनं सोन्यासारखं होतं. मोबाइल त्याच्या हातात तसाच राहिला. मग त्याच्या लक्षात येईना की तो आपण कशाला धरलाय, म्हणून त्यानं तो रंगाच्या डब्यांवर ठेवून दिला आणि मूर्तींकडे वळून स्वतःच पुढची मूर्ती उचलून आणायला लागला.

पेट्या भरणारे लवकर आले. गवत, खोकी, दोऱ्या घेऊन दारात उभे. त्यांतला एक म्हणाला, “शेट, भरायला घेऊ?”

“थांबा,” भाचा म्हणाला. “तिचं झाल्याशिवाय एकबी पेटी बंद करायची नाय.”

सुनेनं मान वर केली नाही. फक्त तिचे खांदे, जे सकाळपासून कानाला लागले होते, ते खाली आले. ते मी बघितलं, कारण मला त्या कामाशिवाय तिथे दुसरं काम नव्हतं.

शेवटची मूर्ती पाटावर असताना तिनं मला बोलावलं. “आई, बघा.” मी कॅमेऱ्याला डोळा लावला. चार कोपऱ्यांत माझे चार धुरकट ठिपके, आणि मधोमध गणपती. मी नीट बघितलं.

“डावा डोळा जरा वर चढलाय,” मी म्हटलं.

“आत्या, गप!” भाचा लांबून ओरडला. आखणी त्याची होती.

“मी नाही रे बोलले,” मी म्हटलं. पण आता त्या वेण्यांवाल्या पोरीचं सगळं त्याला कुठे समजावून सांगणार?

परतीच्या एसटीत सून खिडकीशी बसली होती. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. नागोठणं मागे पडल्यावर म्हणाली, “दर महिन्याला बोलावलंय. नव्या साच्यांचे बी काढायचे हायत.” थोड्या वेळानं, “उद्या सायबांना सांगते, रात्रपाळी नको म्हणून. दिवसाची दिली तर ठीक, नायतर सोडीन.”

“नवऱ्याला सांगितलंस?”

“सांगीन ना. आधी तुम्हाला सांगितलं.”

निडी आली. तिनं माहेराकडे बघितलं, रस्त्यापलीकडे वालाच्या रिकाम्या शेतांकडे. मी म्हटलं, “नवा आरसा मागवू या आता. निवांत येऊ दे. मी बसवते.”

“बसवा,” ती म्हणाली. “चांदीची बाजू मात्र मी बघंन.”

दोन वेण्यांची ती पोरगी असती तर इथे भांडली असती. मी पर्स उघडली आणि पेणला घेतलेली पोह्याच्या पापडांची पुडी तिच्या पुढे केली.